'सेटलमेंट'मध्ये असली तरी सनद लागतेच

गोव्यात आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतंय: प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये जमीन 'सेटलमेंट' (वस्तीचा झोन) असली, की सनद, म्हणजे जमिनीचा वापर बदलायची परवानगी, नको, थेट पाया खणा. हे चूक आहे. काल शेजारचे काका तोच मेसेज आणि एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद) घेऊन आले. उताऱ्यावर अजून भातशेतीच!

झोन म्हणजे तिथे घर बसू शकतं, एवढंच. शेतजमिनीचा वापर बदलायला गोव्याच्या जमीन महसूल संहिता, १९६८ च्या कलम ३२ खाली जिल्हाधिकाऱ्यांची सनद लागते. नगरनियोजन खात्याची मान्यता आणि पंचायतीचा वा पालिकेचा बांधकाम परवाना वेगळा. कुळकायद्यात मिळालेल्या शेतीला तर १९९१ चा जमीन वापर नियमन कायदा आडवा येतो, ती शेतीसाठीच ठेवावी लागते. काकांना म्हटलं, जेसीबीचा ॲडव्हान्स आधी परत मागा.