"मुलींना खेळात रसच नसतो" हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

तो मेसेज बहुतेकांकडे आला असेल. मुलींना खेळात मुळात रस नसतो, त्यांचं शरीर त्यासाठी नसतं, त्यांच्या मॅच कोणी बघत नाही, आणि शाळेत खेळातली समानता शिकवणं म्हणजे मुलग्यांवर अन्याय. शिकलेले लोकही "अगदी बरोबर" म्हणून पुढे पाठवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

रसाचं आधी. अमेरिकेत १९७२ मध्ये टायटल नाईन हा कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजात मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, एवढंच. त्याआधी तिथे हायस्कूलच्या टीममध्ये खेळणाऱ्या मुली ३ लाखसुद्धा नव्हत्या, आज ३० लाखांच्या वर आहेत. आता मुलींचा स्वभाव काही दहापट बदलला नाही ना, त्यांना टीम मिळाली, कोच मिळाला, मैदानावर वेळ मिळाला. जिला कधी बॉल हातातच दिला नाही तिला रस नाही हे तुम्ही कशावरून ठरवलं?

शरीराचं म्हणाल तर वयात आल्यावर वेगात आणि ताकदीत सरासरी फरक पडतो, ते कोणी नाकारत नाही, म्हणून तर स्पर्धा वेगळ्या असतात. पण त्या फरकाच्या नावाखाली काय काय खपवलं ते बघा. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर झाली, फायनलला ९ जणी होत्या, नवाच्या नवांनी शर्यत पूर्ण केली, जर्मनीच्या लीना राडकेने वर्ल्ड रेकॉर्ड केला, आणि पेपरवाल्यांनी छापलं काय तर बायका धडाधड कोसळल्या! त्यानंतर ती शर्यत ऑलिंपिकमधून गेली ती थेट १९६० ला परत आली. मॅरेथॉनला तर १९८४ उजाडावं लागलं. किती जणींचं पळायचं वय त्यात निघून गेलं असेल, मला याचा खरंच राग येतो.

आणि कोणी बघत नाही म्हणे. १९२० च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' या बायकांच्या फुटबॉल टीमची मॅच बघायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या मॅच बंद केल्या, बंदी जवळपास ५० वर्षं टिकली. म्हणजे भरलेलं मैदान काढून घ्यायचं आणि वर विचारायचं प्रेक्षक कुठेत. २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नोउ मैदानावर बायकांच्या फुटबॉल मॅचला ९१ हजारांवर लोक होते, तेही एकदा नाही, दोनदा.

राहिला मुलग्यांवरचा अन्याय. "मुलीसारखा काय फेकतोस" हे ऐकून कितीतरी मुलगे खेळ सोडतात, हळू पळणाऱ्या पोराला तर कोणी टीममध्येही घेत नाही. समानता शिकवायची म्हणजे हे बोलणं थांबवायचं, मैदानाच्या वेळा वाटून द्यायच्या, मुलींच्या टीमलाही तितकाच शिकलेला कोच द्यायचा आणि वर सांगितलेल्या बंद्या पोरांना वर्गात नीट सांगायच्या. यात मुलग्याकडचं काय गेलं ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं, मैदानाची अर्धी वेळ सोडून, कारण ती अर्धी त्याची कधी नव्हतीच.