राणेंचा फलक काढू नका

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या ज्या संकुलात माझे आईवडील राहतात, तिथे २६ जानेवारीला क्लबहाउसच्या भिंतीवर ‘महाराष्ट्राचे शूरवीर’ म्हणून सहा फलक लागणार आहेत. पाच जणांबद्दल कुणाची तक्रार नाही. सहावा फलक, परमवीरचक्र विजेते रामा राघोबा राणे यांचा, वगळायचा असं सोसायटीच्या ग्रुपवर जवळपास ठरलंय. कारणं दोन दिली आहेत. एक, राणे कारवारचे, म्हणजे कर्नाटकाचे. दुसरं कारण बी विंगमधल्या एका काकांनी लिहिलं आणि त्याला खूप अंगठे मिळाले: ‘ते इंजिनियर होते. रस्ता साफ केला. लढले कुठे?’

पहिल्या कारणाकडे नंतर येतो. दुसरं वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

रस्ता साफ करणं म्हणजे काय, ते आधी बघा. रस्त्यात पुरलेला रणगाडाविरोधी सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही. म्हणून तो काढायला येणाऱ्यासाठी आजूबाजूला छोटे सुरुंग पेरण्याची पद्धत असते. सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलातला जवान, पोटावर पडून संगीन जमिनीत तिरकी, साधारण ३० अंशांत, हळूच सरकवतो. उभी खुपसली तर टोक थेट सुरुंगाच्या वरच्या दाबपट्टीवर बसेल. तिरकी गेली की ते कडेला अडतं. दोन इंच सरकायचं, पुन्हा टोचायचं. काही लागलं की बोटांनी माती बाजूला करायची. धातूशोधक यंत्र असतं, पण उखळी तोफांचा मारा झालेल्या रस्त्यावर लोखंडाचे तुकडे पसरलेले असतात आणि यंत्र प्रत्येक तुकड्यावर वाजतं. शेवटी भरवसा हाताचाच. सुरुंग उघडा पडला तरी लगेच उचलायचा नाही, कारण उचलताच फुटेल असा दुसरा फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) खाली असू शकतो. दोर बांधायचा, आडोशाला जायचं आणि लांबून ओढायचा.

रस्त्यात झाडं पाडलेली असतील तर आधी भोवतीचे सुरुंग काढायचे, मग झाडं उडवायची. उलट केलं तर स्फोटाने सुरुंग जागचे हलतात, अर्धवट मोडतात, आणि मोडक्या सुरुंगाला हात कसा लावायचा हे कोणीच सांगू शकत नाही. हे सगळं चालू असताना समोरच्या डोंगरावरून मशीनगन त्याच जागेवर रोखलेली असते. सॅपर इथे येणार आणि बराच वेळ पडून राहणार, हे अडथळा उभारणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

आता जम्मू-काश्मीरमधला, पहिल्या भारत-पाक युद्धातला, एप्रिल १९४८ मधला नौशेरा-राजौरी रस्ता. राणे तेव्हा ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत सेकंड लेफ्टनंट होते, अधिकारी म्हणून कमिशन मिळून चार महिनेसुद्धा झाले नव्हते. ८ तारखेला सकाळी ११ वाजता, २६व्या मैलाजवळ, काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. तुकडीतले दोन जण गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे होते. उरलेल्या माणसांची पुन्हा जुळवाजुळव करून त्यांनी काम सुरू केलं. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास बरवाली टेकडी हाती आली, पण आसपास शत्रू होताच. तरी रात्री १० पर्यंत, त्याच्या नजरेसमोर, राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांसाठी बाजूने वाट काढण्याचं काम चाललं. ९ तारखेला सकाळी ६ ते दुपारी ३ पुन्हा तेच. मग सर्वांत पुढच्या कॅरियरमध्ये, म्हणजे छोट्या चिलखती गाडीत, बसून निघाले तर अर्ध्या मैलावर पाइनची झाडं आडवी. ती उडवली. ३०० यार्डांवर पुन्हा झाडं. पुढे रस्त्याखालची मोरीच उडवलेली, तिथे गोळीबार सुरू असताना वळण रस्ता केला. सव्वासहाला अंधार पडताना पाच मोठी झाडं आली, भोवती सुरुंग, वर मशीनगन. रणगाड्यांच्या कमांडरने तिथे ताफा थांबवला.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला त्याच झाडांपाशी काम सुरू, साडेसहापर्यंत मोकळं. पुढच्या हजार यार्डांत अडथळे आणि फोडलेले बांध. ते साडेदहापर्यंत झालं. तिथून रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून दुपारी २ ला चिंगसला पोहोचले. त्यांची अडचण सुटली होती. राणे मात्र मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी रात्री ९ पर्यंत रस्ता करत राहिले, खाण्याशिवाय, विश्रांतीशिवाय. रणगाडा नदीपात्रातून जाऊ शकतो. दारूगोळ्याचा ट्रक नाही, आणि इंधन-दारूगोळा संपलेला रणगाडा जागच्या जागी अडकतो. ११ तारखेला सकाळी ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, त्यानंतरही रात्री १० पर्यंत पुढचं काम चालू होतं. १२ तारखेला सैन्य राजौरीत शिरलं. तिथे नागरिकांची कत्तल चालू होती. एकेक तासाला किंमत होती.

हे तास आणि यार्ड त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रातले आहेत. आता काकांनी सांगावं, लढाई यातून नेमकी कुठे वजा करायची? माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, तिथेच पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते शौर्य डोळ्यांसमोर उभं राहतं, त्याचा पुतळा करणं सोपं. पोटावर पडून चार दिवस माती उकरणाऱ्या माणसाचा पुतळा करणं अवघड, हे मान्य. पण ती अडचण शिल्पकाराची आहे.

मी हॅनोवरमध्ये राहतो. इथे हे काम बघायला इतिहासात जावं लागत नाही. कुठल्या तरी बांधकामावर दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब सापडतो, रविवारी सकाळी लाउडस्पीकरच्या गाड्या फिरतात, एस-बान (इथली लोकल) बंद होते, लोक थर्मास आणि कुत्री घेऊन शाळेच्या जिमखान्यात जाऊन बसतात. मे २०१७ मध्ये या शहरातली सुमारे ५० हजार माणसं एका दिवसासाठी घराबाहेर काढली होती. बॉम्ब निकामी करायला आत जातात ते चार-पाच जण. सर्वांत वाईट म्हणजे दीर्घ विलंबाचे फ्यूज: आत ॲसिटोनची कुपी, ती फुटली की ॲसिटोन सेल्युलॉइडची चकती विरघळवतं आणि चकती गेली की स्फोट घडवणारा खटका (स्ट्रायकर) सुटतो. आज ती चकती इतकी ठिसूळ झालेली असते की नुसत्या धक्क्याने तुटू शकते. १ जून २०१० ला गटिंगनमध्ये अशाच फ्यूजच्या बॉम्बने, निकामी करण्याची तयारी चालू असतानाच, तीन तज्ज्ञांचा जीव घेतला. त्यांनी आयुष्यात कोणाला मारलं, असा प्रश्न इथे कोणाच्या मनातही आला नाही. सैनिकाच्या पुतळ्याला हार घालायचा म्हटलं तर इथले लोक दहा प्रश्न विचारतील, तेही मला माहीत आहे. पण त्यांचा इतिहास वेगळा आणि ती चर्चाही वेगळी.

आता कारवार. राणेंचा जन्म १९१८ चा, गाव कारवारजवळचं चेंडिया, वडील पोलीस शिपाई. तेव्हा कारवार आणि ठाणे एकाच मुंबई इलाख्यात होते. १९४८ मध्येही एकाच प्रांतात. कारवार म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं ते १ नोव्हेंबर १९५६ ला, परमवीरचक्र जाहीर होऊन सहा वर्षं झाल्यावर. १९४० मध्ये राणे बॉम्बे इंजिनियर्समध्ये भरती झाले, म्हणजे आपल्या पुण्याच्या खडकीत, आणि उत्कृष्ट रिक्रूट म्हणून कमांडंटची केन (मानाची छडी) मिळवली. मग ब्रह्मदेशची आघाडी, जपान्यांशी गाठ. पाच वेळा मेन्शन-इन-डिस्पॅचेस, म्हणजे लष्करी अहवालात नावानिशी गौरव. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त, १९९४ मध्ये पुण्यात निधन. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे आणि असायलाच हवा. त्यामुळे खडकीचा हक्क कमी होत नाही.

परमवीरचक्राचं पदकही पाहा. त्याचं रेखाटन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर स्वित्झर्लंडमध्ये जन्मल्या. त्यांना आपण निःसंकोच आपल्या म्हणतो, आणि कारवारच्या माणसाला ठाण्यात भिंत नाही? इटलीतल्या मोन्टोनेच्या लोकांनी २०२३ मध्ये यशवंत घाडग्यांच्या स्मरणार्थ गावात सूर्यघड्याळ उभारू दिलं. पळसगाव कुठल्या राज्यात येतं याची चौकशी त्यांनी केली नसावी.

‘जर्मनीत बसून सांगायला काय जातं’ असंही ग्रुपवर आलं. ते लागलं, आणि का लागलं हे लपवण्यात अर्थ नाही. माझा पासपोर्ट आता जर्मन आहे. ठाण्याच्या मतदारयादीत माझं नाव नाही, तलावपाळीच्या सुशोभनाबद्दल किंवा घोडबंदरच्या खड्ड्यांबद्दल बोललो तरी कोणी ऐकून घेण्याचं कारण नाही. इथे इतकी वर्षं काढून ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न चुकलेला नाही आणि त्याचं उत्तर मी अजून ‘ठाणे’ असंच देतो. राणेंच्या मरणानंतरही सरहद्दीच्या रेषेवरून त्यांना बाहेर ठेवता येत असेल, तर स्वतःहून रेषा ओलांडून आलेल्या माझ्यासारख्याला तिथे काय म्हणायचं? फलकासाठी मी इतका भांडतोय त्यात हीसुद्धा भीती आहे. पण म्हणून राणेंची बाजू कमकुवत होत नाही.

फलक लावताना दोन-तीन गोष्टी करा. हातात बंदूक दिलेलं काल्पनिक चित्र नको. नौशेरा, बरवाली, चिंगस, राजौरी दाखवणारा साधा नकाशा काढा आणि बाजूला चार दिवसांच्या वेळा लिहा, शाळेतल्या पोरांना त्यातून सगळं कळेल. ८ तारखेला गेलेल्या दोन सॅपरांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या त्यागचक्राच्या भिंतींवर शोधा. संकुलातलं कोणी ना कोणी दिल्लीला जात असतंच. नावं मिळेपर्यंत खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडा. छपाईचे पैसे मी पाठवतो. परदेशातून आलेले पैसे कोणाला खटकत असतील तर पावती आईच्या नावाने करा, ती त्या इमारतीची पहिल्यापासूनची सभासद आहे.