पॉज नव्हे, क्विट: अडकलेल्या फोल्डरबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वनड्राइव्हमुळे (फायली इंटरनेटवरच्या साठ्यात, म्हणजे 'ढगात' चढवणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम) अडकलेला, डिलीट न होणारा फोल्डर सोडवायला मी सांगितलेला 'पॉज सिंकिंग'चा उपाय चाललाच नाही. एवढं पाल्हाळ लावण्यापेक्षा टेकओन आणि आयकॅकल्स या विंडोजच्या दोन कमांड दिल्या असत्या, तर तुमचा अर्धा दिवस वाचला असता. तुम्ही त्या चालवल्या, 'एव्हरीवन'ला, म्हणजे मशीन वापरणाऱ्या सगळ्यांनाच, फुल कंट्रोल दिला, मशीन रीस्टार्ट केलं आणि फोल्डर डिलीट झाला.

पॉजबद्दल तुमचं बरोबर आहे, चूक माझीच. पॉज केलं की फायलींची ने-आण थांबते, पण वनड्राइव्ह मागे चालूच असतं. त्याने एखादी फाईल उघडून धरली असेल, तर ती सोडेलच याचा भरवसा नाही. मी 'क्विट' लिहायला हवं होतं. घड्याळाशेजारचा ढग, गिअर, तिथून क्विट वनड्राइव्ह.

त्यातही एक मेख आहे, ती मूळ लेखात राहून गेली. फायलींपुढे नुसता ढग दिसत असेल, तर त्यातला मजकूर तुमच्या डिस्कवर नाही, फक्त नावाची पाटी आहे. 'फाइल्स ऑन-डिमांड'ची ही सोय विंडोज १० मध्ये २०१७ साली आली. अशा फोल्डरला वनड्राइव्ह बंद करून हात लावला, तर 'क्लाउड फाइल प्रोव्हायडर इज नॉट रनिंग' असा निराळाच निरोप येऊ शकतो. चालू असलं तरी अडणार, बंद केलं तरी अडणार! म्हणून आधी राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, हिरवी खूण येईपर्यंत थांबा, मग क्विट करा.

कमांडचं मात्र पटलं नाही. टेकओन मालक बदलतं, आयकॅकल्स परवानग्या बदलतं. तुमची अडचण यातली नव्हतीच. न्हाणीघरात कुणी आतून कडी लावून बसलंय आणि तुम्ही सातबाऱ्यावर नाव चढवून आलात, तर कडी थोडीच निघणार? तुम्ही स्वतःच लिहिलंय की 'फोल्डर इन यूज' असा निरोप येत होता. परवानगीचं दुखणं असतं तर 'यू नीड परमिशन' आलं असतं. फोल्डर सुटला तो रीस्टार्टमुळे, कारण मशीन बंद होताना सगळ्याच प्रोग्रामना हातातल्या फायली सोडाव्या लागतात. श्रेय कमांडला मिळालं, इतकंच.

रीस्टार्ट न करता बघायचं असेल तर स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा. सीपीयूच्या टॅबवर 'असोसिएटेड हँडल्स'ची पट्टी आहे (हँडल म्हणजे प्रोग्रामने फाईलवर किंवा फोल्डरवर ठेवलेली पकड), तिच्यातल्या शोधचौकटीत फोल्डरचं नाव टाका. कुणी धरून ठेवलंय ते खाली नावानिशी येतं. ते नाव दर वेळी वनड्राइव्हचंच असेल असं नाही. वर्ड असेल, अँटिव्हायरस असेल. माझ्याकडे एकदा जुन्या हिशोबांचा फोल्डर हलेना. मी वनड्राइव्ह बंद केलं, टास्क मॅनेजरमध्ये बघून खात्री केली, वर दोन शिव्याही घातल्या. शेवटी यादीत नाव निघालं सीएमडीचं! सकाळी मीच कमांड द्यायची ती काळी खिडकी उघडून 'सीडी' या कमांडने त्या फोल्डरमध्ये शिरलो होतो आणि ती खिडकी खाली मिनिमाइझ होऊन पडली होती. खिडकी बंद केली, फोल्डर हलला. (हा किस्सा घरी सांगितलेला नाही.)

मायक्रोसॉफ्टच्याच प्रोसेस एक्सप्लोरर या प्रोग्राममधून हँडल जबरदस्तीने तोडता येतं हे खरं. मी ते मुद्दामच लिहिलं नाही. समोरचा प्रोग्राम त्या वेळी फाईल लिहीत असेल तर ती अर्धवट राहते आणि मग तीच अर्धवट प्रत ढगात चढते.

आता तुमच्यासाठी एक काम. तो 'एव्हरीवन' कुठल्या फोल्डरवर दिलात? डिलीट झालेल्यावरच असेल तर प्रश्न मिटला. पण तुम्ही लिहिलंय की कमांड 'वरच्या फोल्डरपासून' चालवली, आणि मशीन ऑफिसमधलं, तिघांचं. म्हणजे आज त्या मशीनवर लॉगिन असलेला कुणीही तिथली पगारपत्रकं उघडू शकतो, पुसूही शकतो. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, आणि तिथून एव्हरीवन काढा. आजच काढा.

मूळ लेखात पॉजच्या जागी क्विट केलं आहे आणि ढगाच्या चिन्हाची गोष्टही घातली आहे. पुन्हा कधी फोल्डर अडकला तर रीस्टार्टआधी ती यादी बघा आणि काय नाव निघालं ते इथे नक्की लिहा.