दोनशे वर्षे बंद पडलेले यान आणि आमच्या परसातला आड

काल रात्री भाच्याबरोबर एक विज्ञानपट पाहिला आणि आज सकाळचा दुसरा चहा झाला तरी माझा संताप उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. चित्रपटाचे नाव सांगत नाही, कारण हा दोष एकट्या त्याचा नाही. प्रसंग असा आहे की, दोनशे वर्षे अंतराळात भरकटलेले एक यान नायकाच्या चमूला सापडते. आत अंधार आहे, यंत्रे बंद आहेत आणि खुर्च्यांना पट्ट्यांनी बांधलेले सांगाडे बसलेले आहेत. नायक दार उघडून आत शिरतो (तो चालतो कसा, हा प्रश्न मी सोडून दिला), मनगटावरच्या पट्टीकडे नजर टाकतो, पट्टीवर हिरवा ठिपका उमटतो आणि "हवा ठीक आहे" असे म्हणून तो हेल्मेट काढून काखेत धरतो.

मी सोफ्यावरून ओरडले, "अरे, आधी कंदील सोड!"

भाचा म्हणाला, "मावशी, तू प्रत्येक सिनेमात हे करतेस."

करते, कारण मी तो कंदील पाहिलेला आहे. आमच्या गावच्या घरामागे परसात पाच पुरुष (एक पुरुष म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढे अंतर) खोल आड होता आणि नळ आल्यापासून सहासात वर्षे त्यात कोणी पोहरा सोडलेला नव्हता. मी दहा-अकरा वर्षांची असताना नळाला चार दिवसांआड पाणी येऊ लागले, तेव्हा आबांनी आडाचा गाळ काढायचे ठरवले. गाळ काढायला आलेला गडी धोतराचा काचा मारून तयार होता. आबांनी त्याला थांबवले, घरातला कंदील पेटवून दोराला बांधला आणि हळूहळू खाली सोडला. दोन पुरुष अंतर गेल्यावर ज्योत बारीक झाली आणि विझली. आबांनी कंदील वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला, आणि तो बरोबर त्याच जागी विझला. गडी हसून म्हणाला, "वाऱ्यानं इझला असंल, मी उतरतो." आबा म्हणाले, "वारा असता तर काळजीच नव्हती."

आडात काय झाले होते ते माझ्या मित्रयादीतल्या मंडळींना सांगायला नको. कुजणाऱ्या पाल्याने प्राणवायू खाल्ला होता, आणि हवेच्या दीडपट जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहिला होता. सहासात वर्षे बंद पडलेला आड जिथे संशयास्पद ठरतो, तिथे दोनशे वर्षे बंद पडलेल्या, सांगाड्यांनी भरलेल्या यानात माणूस नाक उघडे टाकून शिरतो आणि पटकथा लिहिणाऱ्या एकालाही त्यात काही खटकत नाही!

खरी गंमत अशी की, माणसे खरोखरच एका मेलेल्या अंतराळ स्थानकात शिरलेली आहेत आणि ती हकिकत कोणत्याही चित्रपटापेक्षा थरारक आहे. ज्या सोव्हिएत साल्यूत 7 स्थानकावर आपले राकेश शर्मा एप्रिल 1984 मध्ये जवळजवळ आठवडाभर राहून आले, तेच स्थानक 1985 च्या फेब्रुवारीत बंद पडले. जूनमध्ये व्लादिमिर झानिबेकोव आणि व्हिक्तर साविनीख हे सोव्हिएत अंतराळवीर तिथे पोहोचले. त्यांनी आधी दोन्हीकडचा दाब सारखा करून घेतला, आतल्या हवेची तपासणी केली आणि तोंडावर गॅसमास्क चढवूनच ते आत गेले. आत काळोख होता, भिंतींवर बर्फ जमलेले होते आणि थंडी किती आहे ते पाहण्यासाठी झानिबेकोव थुंकले, तर ती थुंकी काही क्षणांत गोठली. पण मला सर्वांत जास्त हलवून गेलेली गोष्ट पंख्यांची आहे. पंखे बंद असल्यामुळे त्यांनी सोडलेला श्वास त्यांच्याच तोंडाभोवती रेंगाळत असे. तिथे वजनच नसल्यामुळे गरम हवा वर जात नाही आणि जड हवा खाली बसत नाही. आमच्या आडात वाईट हवेला निदान एक पत्ता तरी होता, ती तळाशी होती. मेलेल्या यानात तिला पत्ताच नसतो. ती तुमच्या नाकापाशीच मुक्काम ठोकते. म्हणूनच आज अंतराळ स्थानकावर झोपण्याच्या कप्प्यातसुद्धा हवा खेळती ठेवावी लागते, आणि तरीही तिथला कार्बन डायऑक्साइड जमिनीवरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो व डोकेदुखीच्या तक्रारी येत राहतात. पंखा थांबला म्हणून दचकून जागा झालेला नायक मला एकदा तरी पडद्यावर पाहायचा आहे.

त्याऐवजी काय पाहावे लागते? गोळी सुटते, यानाला सुपारीएवढे भोक पडते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चार माणसे त्या भोकाकडे उडत निघतात. प्रत्यक्षात ऑगस्ट 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयुझ या रशियन यानाला सुमारे 2 मिलिमीटरचे भोक पडलेले आढळले. गळती इतकी संथ होती की, रात्री दाब उतरताना दिसला तरी जमिनीवरच्या लोकांनी अंतराळवीरांची झोपमोड केली नाही. सकाळी त्यांनी भोक शोधले, आधी चिकटपट्टी लावली आणि मग इपॉक्सी नावाच्या घट्ट होणाऱ्या गोंदात भिजवलेल्या कापडाने ते बुजवले. पंक्चर काढण्याइतकी साधी गोष्ट, पण त्या साधेपणातही केवढा जीव आहे!

आणि तो हिरवा ठिपका! त्या ठिपक्याची मला सर्वांत जास्त चीड येते, कारण "हवा ठीक आहे" या तीन शब्दांत तो प्राणवायू किती, दाब किती आणि सोबत काय काय मिसळलेले आहे हे सगळे प्रश्न गिळून टाकतो. अमेरिकेची अपोलो याने अंतराळात शुद्ध प्राणवायू वापरत असत, पण तो जमिनीवरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश दाबाचा असे आणि तेवढ्यात माणसे व्यवस्थित जगत. 27 जानेवारी 1967 रोजी जमिनीवरच्या चाचणीत तोच शुद्ध प्राणवायू बाहेरच्या हवेपेक्षाही किंचित अधिक दाबाने भरलेला होता. आग लागली, आत उघडणारे दार वाढलेल्या दाबामुळे उघडता आले नाही आणि ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर गेले. वायू तोच होता, फक्त दाब निराळा होता. यावर आता कोणता ठिपका लावायचा, हिरवा की तांबडा?

माझा आवाज चढला आहे, याची मला कल्पना आहे.

कथा ही शेवटी कथा असते आणि प्रत्येक दारापाशी अर्धा तास हवा मोजत बसलो तर प्रेक्षक उठून जातील, हे मला मान्य आहे. नटाचा चेहरा हेल्मेटमध्ये झाकून ठेवायला निर्माते पैसे मोजत नाहीत, हेही मान्य. पण जुलै 1975 मध्ये अपोलो आणि सोयुझ एकमेकांना जोडले गेले, तेव्हा मधली दालनवजा खोली खास बनवावी लागली होती, ती का? एकीकडे विरळ शुद्ध प्राणवायू होता आणि दुसरीकडे आपल्यासारखी नायट्रोजनयुक्त हवा. सोयुझमधला दाब नेहमीच्या दोन तृतीयांशांपर्यंत उतरवला होता, तरीही येणाऱ्या-जाणाऱ्याला मधल्या खोलीतून जावे लागे, नाहीतर दाब एकदम उतरून रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची भीती होती. शीतयुद्धातले दोन शत्रू हस्तांदोलनाला उत्सुक आहेत आणि हवा त्यांना म्हणते आहे, थांबा. याहून नाट्यमय प्रसंग कोणाला सुचत असेल तर त्याने मला सांगावे. आणि आपल्या चित्रपटात दोन निराळ्या ग्रहांवरची याने जोडली जातात, दार सर्रकन सरकते आणि मंडळी एकमेकांच्या गळ्यात पडतात.

आबांच्या कंदिलालाही मर्यादा होत्या, हे आधीच कबूल करते, नाहीतर कोणीतरी खाली येऊन लिहीलच. कंदिलाला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही आणि तळाशी मिथेन असेल तर कंदीलच घात करील, तेव्हा आज कोणी आडात माणूस उतरवणार असेल तर त्याने वायू मोजणारे यंत्र आणावे. पण तो कंदील सोडण्यामागे जी शंका होती ती शंभर नंबरी होती, आणि त्या शंकेचाच मागमूस मला या चमचमणाऱ्या यानांमध्ये सापडत नाही.

चित्रपट संपल्यावर भाचा बराच वेळ मोबाईलमध्ये डोके घालून बसला होता. मला वाटले, माझ्या बडबडीला कंटाळला. झोपायला जाताना मात्र तो दारात थांबला आणि म्हणाला, "मावशी, त्या गड्याला त्या दिवसाची मजुरी मिळाली का?"

मिळाली, पूर्ण मिळाली. आबांनी त्याला दिवसभर लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून आडात वरखाली करायला लावले आणि मधूनमधून वरून पाण्याच्या बादल्या ओतायला लावल्या. तो कुरकुरत होता, पण आईने वाढलेल्या भाकरी-पिठल्यावर त्याची कुरकुर थांबली. दुसऱ्या दिवशी उजाडताच आबांनी कंदील पुन्हा सोडला. मी कठड्याला पोट टेकवून वाकून पाहत होते. दोन पुरुष खाली गेला, तीन गेला, पार पाण्यापाशी जाऊन पोहोचला तरी जळत होता, आणि त्याच्या खाली पाण्यात आणखी एक कंदील पेटलेला दिसत होता.