म्हणे, सगळ्या ॲपना सगळं उघडा!

रविवारी सकाळी कोथरूडहून काकांचा फोन. "अरे, सोसायटीच्या ग्रुपवर आलेली ती कमांड मारली बघ. आता फोटो कसे झटाझट पुढे सरकतात!" माझा चहा तिथेच राहिला.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि काकांचा लॅपटॉप विंडोज ११ ला चालेना, म्हणून मीच त्यावर फेडोरा सिल्व्हरब्लू ही लिनक्सवरची सिस्टीम टाकून दिली होती. फॉरवर्डचं म्हणणं असं: इम्युटेबल, म्हणजे मूळ भाग कुलूपबंद असलेल्या, लिनक्सवर आपलं काही टाकता येत नाही, फ्लॅटपॅक (ॲप टाकायची पद्धत) डिस्क खाऊन टाकतं, सँडबॉक्समुळे, म्हणजे ॲपभोवतीच्या कुंपणामुळे, ॲपना फाइली दिसत नाहीत; तेव्हा सुडो (ॲडमिनचा अधिकार) लावून फ्लॅटपॅकला 'फाइलसिस्टीम=होस्ट', म्हणजे लॅपटॉपवरच्या फाइलींची परवानगी, द्या आणि निवांत व्हा.

निवांत? आधी हेच घेऊ. फ्लॅटपॅकच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये 'ओव्हरराइड'चं, म्हणजे फॉरवर्डमधल्या त्या परवानग्या बदलणाऱ्या कमांडचं, पान आहे. ॲपचं नाव दिलं नाही तर बदल सगळ्या ॲपना लागू होतो, असं त्यात सरळ लिहिलंय. फॉरवर्डच्या कमांडमध्ये नावच नाही! म्हणजे फोटोच्या ॲपचं दुखणं, आणि काकांनी अख्खं होम फोल्डर पत्त्यांच्या खेळालासुद्धा उघडून दिलं. पेन्शनचे कागद, आधारचा स्कॅन, बँकेच्या पीडीएफ, सगळं त्यातच. आणि नुसतं वाचायला नाही, लिहायलाही. एखाद्या ॲपने होममधल्या बॅशआरसी नावाच्या सेटिंग फाइलीत एक ओळ घुसवली, तर काका पुढच्या वेळी टर्मिनल (कमांड टाकायची खिडकी) उघडतील तेव्हा ती सँडबॉक्सच्या बाहेर चालेल. मग सँडबॉक्स ठेवलाय तरी कशाला?

तक्रार मात्र अगदीच खोटी नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. ॲपला फोल्डरची परवानगी नसेल तर पोर्टलच्या, म्हणजे फाइल निवडून देण्याच्या, खिडकीतून निवडलेला एकच फोटो त्याला मिळतो, शेजारचा नाही. बाण दाबला तरी ढिम्म. असं का होतंय, हे स्क्रीनवर कुणी सांगतही नाही. सत्तरीच्या माणसाने काय ओळखायचं? पण त्यावर उपाय फ्लॅटसील या परवानग्या बदलायच्या ॲपमध्ये दोन मिनिटांचा आहे: त्या एकाच ॲपला पिक्चर्स फोल्डर, तेही फक्त वाचण्यापुरतं.

बाकीचं फार ताणत नाही. 'काही टाकता येत नाही' ही थाप आहे. कुलूप यूएसआर या सिस्टीमच्या फोल्डरला आहे. ईटीसी (सेटिंगचं) आणि व्हार (बदलत्या डेटाचं) ही फोल्डर मोकळी, होम तर व्हारमध्येच. आरपीएम-ओएसट्री या सिस्टीमच्याच कमांडने पॅकेज घालता येतं, रीबूट तेवढं लागतं. अपडेट बिघडलं तर बूट मेनूत जुनी आवृत्ती उभीच असते. डिस्कचं म्हणाल तर पहिलं ॲप रनटाइम, म्हणजे ॲपना चालायला लागणारा पाया, ओढतं, त्यावर चालणारी पुढची ॲप तोच वापरतात. ग्नोमचा एक, केडीईचा एक (हे दोन्ही लिनक्सचे डेस्कटॉप), त्यांच्या जुन्या आवृत्त्या, असे ढीग साचतात खरे. न वापरलेले काढायला एक कमांड पुरते.

फोनवरच काकांकडून ती परवानगी मागे घेणारं 'रीसेट' मारून घेतलं, सुडोसकट. ग्रुपवर खुलासा टाका म्हटलं, तर म्हणाले, "तूच लिहून दे, मी फॉरवर्ड करतो."