जास्त मेगापिक्सेल, आयएसओ १०० आणि मॅन्युअल मोड : एका संदेशाचा प्रतिवाद

पुण्यात गणेशोत्सव जवळ आला आणि कॅमेरे-फोन घेण्याची लगबग सुरू झाली, की नवशिक्यांसाठीचा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. मेगापिक्सेल जितके जास्त तितका फोटो चांगला, आयएसओ (सेन्सरचा संकेत किती वाढवायचा ते ठरवणारा आकडा) कायम १०० वरच ठेवावा आणि खरा छायाचित्रकार फक्त मॅन्युअल मोड (सगळी मांडणी हाताने करण्याची पद्धत) वापरतो, असे त्यात छातीठोकपणे सांगितलेले असते. यातले पहिले विधान खिशाला महाग पडते, तर दुसरे फोटो बिघडवते.

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. १२ बाय ८ इंचांची उत्तम छपाई इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने करायची, तर ३६०० गुणिले २४०० म्हणजे सुमारे ८६ लाख बिंदू लागतात, आणि फोर-के टीव्हीच्या पडद्यावर तर ८३ लाखच असतात. बहुतेकांचे फोटो याहून मोठे कधी पाहिलेच जात नाहीत. शिवाय बिंदू चौपट झाले तरी लांबी आणि रुंदीतला तपशील फक्त दुप्पट होतो, ही बाब जाहिरातीत येत नाही. खरा फरक पडतो तो सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या, आकाराने आणि लेन्सने. मोठ्या कॅमेऱ्यांतला फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. बहुतेक फोनच्या मुख्य सेन्सरचे क्षेत्रफळ १०० चौरस मिलिमीटरही भरत नाही. एवढ्याशा जागेत २०० मेगापिक्सेल बसवले, तर एकेका बिंदूच्या वाट्याला येणारा प्रकाश इतका तुटपुंजा असतो, की असे फोन एरवी सोळा-सोळा बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. भिगवणला लांबच्या पक्ष्याचा फोटो काढून नंतर कातरायचा असेल, तर जास्तीचे बिंदू उपयोगी पडतात हे मान्य. पण तेही लेन्स चांगली आणि ऊन भरपूर असेल तरच.

आयएसओबद्दलच्या सल्ल्यामागे एक अर्धसत्य आहे. आयएसओ वाढवला की फोटोत दाणे दिसतात, हे खरे. मात्र त्यांचे मुख्य कारण आयएसओ नसून कमी प्रकाश हे आहे, कारण आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर पडलेला प्रकाश बदलत नाही, त्यातून मिळालेला संकेत तेवढा वाढवला जातो. विसर्जन मिरवणुकीत रात्री लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशा पथकाचा फोटो एफ/२.८ (लेन्सचे छिद्र बरेच उघडे), आयएसओ ३२०० आणि शटर सेकंदाचा १२५ वा भाग उघडे अशा मांडणीत नीट येत असेल, तर आयएसओ १०० वर आणताच उजळपणाच्या पाच पायऱ्या (प्रत्येक पायरीला निम्मा) कमी होतात आणि तेवढीच उजळणी हवी असल्यास शटर पाव सेकंद उघडे ठेवावे लागते. पाव सेकंदात टिपरू कुठल्या कुठे गेलेले असते आणि वादकाचा चेहराही पुसटतो. दाणे संगणकावर बऱ्यापैकी कमी करता येतात, हललेला चेहरा मात्र स्थिर करता येत नाही. शटर तेवढेच ठेवून आयएसओ १०० वर काळपट फोटो काढायचा आणि नंतर संगणकावर उजळायचा, ही पळवाटही उपयोगाची नाही. दाणे तेवढेच राहतात, काही कॅमेऱ्यांत तर वाढतात. स्थिर वस्तू आणि तिपाई असेल, तेव्हा आयएसओ १०० जरूर ठेवावा.

मॅन्युअल मोडचा आग्रह हा बराचसा प्रतिष्ठेचा मामला आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो, म्हणून पालखी पुण्यात मुक्कामी असताना पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांतल्या वारकऱ्यांची गर्दी फोटोत मळकट दिसते. यावर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोडमध्ये (लेन्सचे छिद्र आपण ठरवायचे, शटर कॅमेऱ्याने) एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापकाच्या हिशेबात केलेली उजळपणाची दुरुस्ती, अधिक एकवर नेले, तर बहुधा काम होते, आणि ढगाआडून ऊन आले-गेले तरी शटरचा वेग कॅमेरा स्वतःच बदलतो. मॅन्युअल मोडमध्ये शटरचा वेग बदलणारे चक्र हाताने फिरवेपर्यंत दिंडी पुढे गेलेली असते. हा मोड खऱ्या अर्थाने कामाला येतो तो बालगंधर्व रंगमंदिरासारख्या ठिकाणी, जिथे गायकावरचा प्रकाश बराच वेळ बदलत नाही आणि मागचा काळा पडदा मापकाला फसवून चेहरा पांढराफटक करायला लावतो.