ब्रेकची लाइन म्हणजे ‘साधी तांब्याची नळी’ नव्हे

घरच्या घरी जुना ट्रक दुरुस्त करून पुन्हा उभा करणाऱ्यांमध्ये ब्रेक लाइनबद्दल, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमार्फत चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणाऱ्या नळीबद्दल, एक सल्ला हातोहात फिरतोय: ‘ब्रेक लाइनला पैसे कशाला? फ्रिजची तांब्याची नळी आणा, टोकाला साधा फ्लेअर मारा (म्हणजे तोंड फाकवा), जोड लागला तर कॉम्प्रेशन फिटिंग घाला, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. गळली नाही म्हणजे झालं.’ लाइन घरी बनवायला माझी ना नाही, मीही बनवतो. पण अशी नव्हे.

आधी तांबं. ‘आत ऑइलच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करून बघावा. पेडलवर 50 किलोचा जोर, पेडलची तरफ 6 पट, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या (लाइनमधल्या ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरच्या) पिस्टनवर 300 किलो. पिस्टन 1 इंची असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे 5 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला 60 किलो झाले, कारच्या टायरमधल्या दाबाच्या पंचवीसएक पट! तेही पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसताना. एखाद्या वेळी नवं तांबं हे सोसेलही. पण चॅसी थरथरत राहते, तसं तांबं कडक होत जातं आणि तार वारंवार वाकवल्यावर तुटते तसं फ्लेअरच्या मुळाशी तडकतं. उभ्या गाडीत पेडल दाबून हे कळत नाही, म्हणून ‘गळली नाही’ हा पुरावाच नव्हे. त्यात अनेक जुन्या ट्रकांना चारही चाकांचं मिळून एकच सर्किट, म्हणजे ऑइलचा एकच मार्ग. एक तडा गेला की पेडल थेट खाली.

गंजाची धास्ती असेल तर कॉपर-निकेलची ब्रेक लाइन घ्या. तिच्यात तांबं साधारण 90 टक्के, निकेल 10 टक्के आणि किंचित लोखंड असतं. हाताने वाकते, गंजत नाही. व्होल्वोने ती 1970 च्या दशकातच गाड्यांत घातली.

साधा फ्लेअर? ब्रेकच्या स्टीलच्या नळीचं तोंड एकदाच फाकवलं की काठ पातळ होतो. भिंग धरून पाहा, केसाएवढी चीर दिसते कधीकधी. म्हणून 45 अंशांचा डबल फ्लेअर मारतात: आधी अडॅप्टरने तोंड फुगवायचं, मग कोनने तेच आत दुमडायचं. नळी काटकोनात कापलेली आणि आतली धार काढलेली हवी, नाहीतर फ्लेअर एका बाजूला झुकतो. ज्या गाडीत बबल फ्लेअर (तोंड नुसतं फुगवलेला) आहे तिथे बबलच. दोन्हींच्या सीट, म्हणजे फ्लेअर जिथे टेकतो त्या बैठकी, वेगळ्या असतात. आणि हो, नट आधी नळीवर चढवा. सुंदर फ्लेअर जमल्यावर नट टेबलावरच राहिलेला पाहण्याचं सुख मी दोनदा घेतलंय.

कॉम्प्रेशन फिटिंगबद्दल फार बोलायला नको. ती नळीला फक्त आवळून धरते, या दाबाला आणि हादऱ्याला नळी सटकू शकते. जोड हवाच असेल तर दोन्ही टोकांना फ्लेअर मारून मधे युनियन (दोन फ्लेअर जोडणारी फिटिंग) लावा.

टेप तर निव्वळ गैरसमज. ऑइल अडतं ते फ्लेअर सीटवर घट्ट बसल्यामुळे, आटे फक्त तो दाबून धरतात. टेपची लक्तरं सुटून ऑइलच्या वाटेतल्या बारीक भोकात अडकली तर ऑइल परत फिरत नाही आणि एखादं चाक ब्रेक सोडतच नाही.

त्या सल्ल्याच्या शेवटी एक ओळ आहे, ‘जुनी लाइन फेकू नका, तिच्यावरून नवी वाकवा’, ती मात्र शंभर टक्के बरोबर. फक्त काढताना ओढाताण करू नका. गंजलेला नट फिरेना, तर नटाजवळच नळी कापा आणि नटावर सहा बाजूंचा सॉकेट चढवा, म्हणजे नट सुटतो आणि वाकणं जशीच्या तशी हाती येतात.